एकच जनुकसंच, दोन बहिणी आणि ‘डी’चा आकडा

थोरली धाकटीपेक्षा सात मिनिटांनी मोठी. समरूप जुळ्या, वय ३१. थोरली आली ती डाव्या डोळ्याची तक्रार घेऊन. तीन दिवसांपासून त्या डोळ्याने धूसर दिसत होते आणि डोळा फिरवला की आत खोल दुखत होते. तिसरी गोष्ट रुग्ण क्वचितच आपणहून सांगतात, विचारून काढावी लागते. मी लाल झाकणाची बाटली आधी तिच्या उजव्या डोळ्यासमोर धरली, मग डाव्या. “डावीकडं हे झाकण उन्हात विटल्यासारखं दिसतंय,” ती म्हणाली.

या दोघी म्हणजे कोणी ठरावीक व्यक्ती नव्हेत. मेंदूविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात पुन्हापुन्हा समोर येणारे प्रश्न एका जोडीत गुंफून हे प्रकरण मांडले आहे. संशोधनातले आकडे मात्र जसेच्या तसे आहेत.

बॅटरीचा झोत उजव्या डोळ्यावरून डाव्यावर नेला की डावी बाहुली आकसण्याऐवजी सैलावत होती. म्हणजे दृष्टीच्या मज्जातंतूला सूज, ऑप्टिक न्यूरायटिस. खोदून विचारल्यावर आणखी एक गोष्ट निघाली. दोन वर्षांपूर्वी उजवा पाय तीन आठवडे बधिर होता, ‘नस दबली असेल’ म्हणून ते प्रकरण तिथेच मिटले होते. एमआरआयमध्ये मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेने लंबगोल पांढरे डाग दिसले, एक डाग मानेतल्या मज्जारज्जूत. कॉन्ट्रास्ट दिल्यावर त्यातले दोन उजळले, बाकीचे नाही. काही ताजे, काही जुने. पाठीच्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड, म्हणजे मज्जासंस्थेच्या आत प्रतिकारशक्ती जागी असल्याची खूण, सापडले आणि अशीच लक्षणे देणाऱ्या इतर दोन आजारांच्या अँटीबॉडी निघाल्या नाहीत. निदानाच्या २०१७ च्या मॅकडोनाल्ड निकषांत बसणारा मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टितंतूंमध्ये शिरून चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण सोलतात, तो हा आजार. पाच दिवस स्टेरॉइडची सलाइन दिली. सहा आठवड्यांत नजर जवळपास पूर्ववत झाली.

निदानाची बाजू इथे संपते. मला लिहायचे आहे ते त्यानंतरचे.

लाल पेनाचा गोल

रक्ताच्या अहवालांच्या गठ्ठ्यात व्हिटॅमिन डीचाही अहवाल होता: १४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. २० च्या खाली अपुरे, १२ च्या खाली चांगलीच कमतरता, असा सर्वसाधारण हिशेब धरतात. पुढच्या भेटीला घरचे आले तेव्हा त्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल केलेला होता.

“कारण सापडलं, डॉक्टर,” आई म्हणाल्या. “ही सकाळी ऑफिसात शिरते ती अंधार पडल्यावर बाहेर येते. ऊन म्हणून अंगाला लागत नाही.”

त्यांच्या आवाजात सुटका होती. कारण सापडले की निम्मी भीती जाते, आणि कारण गोळीने भरून निघणारे असेल तर उरलेलीही जाते. मला तो गोल लगेच पुसावासा वाटेना. शिवाय आईंचे म्हणणे चुकीचे होते असेही नाही. ऊन, व्हिटॅमिन डी आणि एमएस यांचा संबंध अनेक अंगांनी तपासला गेला आहे आणि तो खरा वाटावा असा पुरावा बराच आहे. फक्त तो पुरावा त्या अहवालातल्या १४ बद्दल बोलत नाही.

हे समजावण्याचा माझा प्रयत्न फारसा जमत नव्हता. जमवले ते धाकटीने. “मग माझंही डी मोजा. ताईला झालं ते मला होणार का, एवढं तरी कळेल.”

मोजले. धाकटीचे ९ निघाले.

जनुके एक, आईचे पोट एक, जन्माचा महिना एक. जिला आजार झाला तिचे डी १४, जी धडधाकट तिचे ९. आता त्या गोलाचे काय करायचे?

शिल्लक आजची, आवक कधीची?

रक्तात मोजतात ते व्हिटॅमिन डीचे साठ्यातले रूप. त्याचे अर्धे आयुष्य दोन-तीन आठवड्यांचे. म्हणजे अहवालात दिसते ती गेल्या दोन-तीन महिन्यांतली पासबुकातली शिल्लक. त्यावरून पंधरा वर्षांपूर्वी आवक किती होती हे ओळखता येत नाही, आणि एमएसची सुरुवात पहिल्या लक्षणाच्या कितीतरी वर्षे आधी झालेली असते. थोरलीचे जुने डागच ते सांगत होते.

त्यात आजारच आकडा खाली ओढू शकतो. अंग तापले की एमएसच्या रुग्णांची नजर किंवा पायांतले बळ तात्पुरते मंदावते. १८९० मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी नोंदवलेले हे लक्षण आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. असा माणूस उन्हात जाणे आपसूक टाळतो. थकव्यामुळे घरात राहणे वाढते ते वेगळेच. म्हणून आजारी माणसाचे डी कमी दिसले तर कोण कोणामुळे, हा प्रश्न सुटत नाही.

तो सोडवायचा तर आजार होण्याच्या आधीचे रक्त हवे. हार्वर्डमधील कॅसांड्रा मंगर आणि सहकाऱ्यांना ते अमेरिकी सैन्यदलांच्या साठ्यात मिळाले. सैनिकांच्या रक्ताचे नमुने तिथे वर्षानुवर्षे गोठवून ठेवलेले असतात. सत्तर लाखांहून अधिक लोकांमधून पुढे एमएस झालेले २५७ जण निवडले आणि त्यांचे निरोगीपणीचे नमुने काढून डी मोजले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: गोऱ्या सैनिकांत ज्यांचे डी साधारण ४० नॅनोग्रॅमच्या वर होते, त्यांच्यात एमएसचा धोका साधारण २५ च्या खाली असलेल्यांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होता. विशीच्या आतल्या मोजणीत हा संबंध अधिक ठळक होता. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक सैनिकांत तो दिसला नाही, आणि हे वाक्य बातम्यांमधून बहुधा गळते.

फिनलंडमध्ये गरोदर स्त्रियांचे रक्त असेच जपलेले आहे. २०१६ च्या अभ्यासात गरोदरपणी आईचे डी १२ च्या खाली असेल तर मुलात पुढे एमएस होण्याचा धोका जवळपास दुप्पट दिसला. त्याआधी २००५ मध्ये कॅनडा, ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या ४२,०४५ रुग्णांच्या जन्मतारखा तपासल्या तेव्हा मे महिन्यात जन्मलेले अपेक्षेपेक्षा जास्त आणि नोव्हेंबरमध्ये जन्मलेले कमी निघाले. उत्तरेकडच्या देशांत मेच्या बाळाची आई गरोदरपणाचे शेवटचे महिने हिवाळ्यात काढते, हे त्यामागचे एक संभाव्य स्पष्टीकरण. पण नवजात बाळांच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यांवर डी मोजले तेव्हा डेन्मार्कमध्ये संबंध सापडला आणि शेजारच्या स्वीडनमध्ये सापडला नाही. हे क्षेत्र असे आहे. आणि आमच्या जोडीपुरता हा सगळा धागा तसाही निरुपयोगी, कारण दोघींचा गर्भकाळ एकच.

या सगळ्या नोंदींना एक शंका कायम चिकटून राहते: डी जास्त असलेले लोक इतर बाबतींतही वेगळे असतात. ते बाहेर हिंडतात-फिरतात, सडपातळ असतात. लठ्ठपणाने रक्तातले डी कमी होते आणि किशोरवयातला लठ्ठपणा हा स्वतःच एमएसचा धोका वाढवणारा घटक आहे. यावर २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी एक चतुर वाट काढली. डी बनवणे, वाहून नेणे आणि मोडणे यांत भाग घेणाऱ्या चार जनुकांजवळचे काही बदल जन्मापासून माणसाचे डी किंचित कमी ठेवतात. हे बदल आईबापांकडून सोडतीसारखे मिळतात. व्यायाम, वजन, आवडीनिवडी यांच्याशी त्यांचे देणेघेणे नसते. आणि आजार नंतर होतो, जनुके आधी मिळतात, तेव्हा उलट्या दिशेचाही प्रश्न येत नाही. १४,४९८ रुग्ण आणि २४,०९१ निरोगी व्यक्तींच्या तुलनेत, जनुकांमुळे डी एका प्रमाणित विचलनाने (लोकांमधल्या नेहमीच्या चढउताराच्या एका मापाने) कमी असणाऱ्यांत एमएसची शक्यता दुप्पट निघाली. माझ्या मते डीच्या बाजूने हा सर्वांत वजनदार पुरावा. पण तो जन्मभराच्या पातळीबद्दल आहे, एकतिसाव्या वर्षीच्या एका मंगळवारच्या नमुन्याबद्दल नाही.

जनुके कुठवर नेतात

धाकटीचा खरा प्रश्न मात्र ‘मला होणार का’ हा होता.

समरूप जुळ्यांतल्या एकाला एमएस असेल तर दुसऱ्याला होण्याचे प्रमाण कॅनडाच्या देशव्यापी अभ्यासात २५ टक्के आले. वेगवेगळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांत ते ५ टक्के आणि साध्या भावंडांत ३ टक्क्यांच्या आसपास. सर्वसाधारण माणसाचा आयुष्यभराचा धोका, हा आजार जास्त आढळणाऱ्या देशांतसुद्धा, हजारात दोन-तीन. हे आकडे मी धाकटीपुढे ठेवले तेव्हा तिने दोन्ही बाजूंनी वाचले. “चारात एक. म्हणजे चारातल्या तिघींना होत नाही.” दोन्ही वाक्ये खरी आहेत. पहिले म्हणते जनुकांना मोठे वजन आहे, दुसरे म्हणते एवढ्याने आजार होत नाही.

जनुकांत सर्वांत मोठा वाटा सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए भागाचा. प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना ‘हा परका बघ’ असे ज्या तबकावर ठेवून दाखवतात, ते तबक या भागातली जनुके घडवतात. त्यातला एचएलए-डीआरबी१*१५:०१ हा प्रकार अंगी असेल तर धोका साधारण तिप्पट. एचएलए-ए*०२:०१ असेल तर उलट थोडा कमी. उरलेला भार बारीक बारीक तुकड्यांत विखुरलेला आहे. २०१९ मध्ये एमएसच्या आंतरराष्ट्रीय जनुकशास्त्र गटाने ४७,४२९ रुग्णांच्या आधारे धोक्याशी जोडलेली २३३ स्थाने दाखवली. त्यांतली बहुतेक प्रतिकारशक्तीच्या कारभाराशी निगडित आहेत आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर.

१५:०१ कुठून आला याची गोष्ट रंजक आहे, म्हणून थोडे आडवळण. २०२४ मध्ये प्राचीन हाडादातांतल्या डीएनएवरून असे दिसले की एमएसचा जनुकीय धोका सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालक टोळ्यांत वाढला आणि त्यांच्या स्थलांतरासोबत उत्तर युरोपात पोचला. गुराढोरांसोबत राहताना येणाऱ्या संसर्गांशी झुंजायला तो कामाला आला असावा. उत्तर युरोपात एमएस जास्त असण्याचे श्रेय एके काळी केवळ तिथल्या अपुऱ्या उन्हाला दिले जाई. आता कळते की तिथे ऊनही कमी आणि ही जनुकेही जास्त. दोन्ही एकाच दिशेला ओढतात. नकाशावरचा अक्षांश एकट्या उन्हाचे माप नव्हेच.

सार्डिनिया या भूमध्य समुद्रातल्या बेटावर ही गाठ सुटी दिसते. तिथे उन्हाला तोटा नाही, तरी एमएसचे प्रमाण जगात वरच्या क्रमांकांत. तिथल्या लोकांत टीएनएफएसएफ१३बी या जनुकातला एक बदल जास्त आढळतो, असे २०१७ मध्ये दाखवण्यात आले. त्याने प्रतिकारशक्तीच्या बी-पेशींना खतपाणी घालणारे प्रथिन वाढते. मलेरियाशी लढताना तो उपयोगी पडला असावा, असा संशोधकांचा तर्क. दुसऱ्या टोकाला स्कॉटलंडच्या उत्तरेची ऑर्कनी बेटे: २०१२ च्या मोजणीत लाखामागे ४०२ रुग्ण. तिथे ऊन तुटपुंजे, वंशही एकमेकांत गुंतलेला.

ऊन आणि जनुके यांची थेट गाठ कुठे पडते का? पडत असावी. २००९ मध्ये डीआरबी१*१५ च्या सुरुवातीच्या भागातच व्हिटॅमिन डीचा ग्राहक, म्हणजे पेशीत डीला पकडणारे प्रथिन, येऊन बसण्याची जागा सापडली. म्हणजे धोक्याच्या मुख्य जनुकाच्या दारावर डीची कडी. प्रयोगशाळेतल्या पेशींत डीने ते जनुक कमीजास्त होते. शरीरात, योग्य वयात ते नेमके कसे वागते हे यावरून सिद्ध होत नाही. तरी हे वाचले तेव्हा मी खुर्चीत सावरून बसलो होतो, हे कबूल करतो.

पण आमच्या दोघींचे काय? दारही तेच, कडीही तीच. २०१० मध्ये एका समरूप जोडीचा संपूर्ण जनुकसंच आणि तीन जोड्यांच्या प्रतिकार पेशींतल्या जनुकांच्या हालचाली उलगडून पाहिल्या गेल्या. प्रत्येक जोडीत एकाला एमएस, दुसरा निरोगी. फरक समजावून देईल असे काहीच हाती लागले नाही.

मैदान आणि खोली

मग मी दोघींना वेगवेगळे बसवून बालपण विचारले. एकत्र बसवले की एकीच्या आठवणीला दुसरी रंग देते.

अकराव्या वर्षापर्यंत दोघींचा दिवस सारखाच. नंतर धाकटी धावण्याच्या स्पर्धांत गेली. सोळाव्या वर्षापर्यंत रोजचे दोन-अडीच तास उघड्या मैदानावर, सुट्टीत त्याहून जास्त. थोरली पुस्तकांत आणि पुढे संगणकात. अठराव्या वर्षी वसतिगृहात थोरलीला महिनाभर ताप, गळ्याच्या गाठी, मरगळ. तेव्हाच्या कागदांवर निदान होते इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस. विसाव्या वर्षी तिने सिगारेट धरली, सव्विसाव्या वर्षी सोडली. किशोरवयात वजन थोडे जास्त. धाकटीला असा ताप आठवत नव्हता, सिगारेट नाही, वजन नेहमी बेताचे. धाकटीचे मैदान विशीत सुटले. आता तीही दिवसभर बंद खोलीत काम करते, म्हणून आजचे ९.

टास्मानियातला २००३ चा अभ्यास डोळ्यांसमोर आला. सहा ते पंधरा या वयात उन्हाळी सुट्ट्यांत रोज दोन-तीन तास वा अधिक उन्हात घालवणाऱ्यांत एमएसची शक्यता तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आढळली होती. तिथे फक्त आठवणींवर विसंबले नव्हते. हाताच्या पाठीवरच्या त्वचेचे ठसे घेऊन जन्मभराच्या उन्हाच्या खुणा मोजल्या होत्या आणि त्यांनीही तेच सांगितले. त्याहून आमच्या जवळचा अभ्यास २००७ चा, उत्तर अमेरिकेतल्या समरूप जुळ्यांचा. एकाला एमएस आणि दुसऱ्याला नाही अशा ७९ जोड्यांत, लहानपणी उन्हात जास्त खेळलेल्या जुळ्याला आजार कमी होता. जनुके आपोआप सारखी धरली गेलेली, त्यामुळे या अभ्यासाचे मोल वेगळे.

आता प्रकरण किती छान जुळते पाहा. मैदानावरची वाचली, खोलीतली सापडली. मी ही गोष्ट मनातल्या मनात दोनदा रचली आणि दोन्ही वेळा मोडली. कारण मैदान एकटे येत नाही. धावणारी मुलगी सडपातळ राहिली, सिगारेटपासून दूर राहिली. डीआरबी१*१५ असताना धूम्रपान किंवा किशोरवयातला लठ्ठपणा यांची जोड मिळाली तर धोका नुसता बेरजेने वाढत नाही, त्याहून पुढे जातो, हे स्वीडनमधल्या अभ्यासांनी दाखवले आहे. आणि ज्याला आजार झाला आहे तो माणूस भूतकाळात कारण शोधतच आठवतो. थोरली दोनदा म्हणाली, “मी तेव्हा बाहेर पडायला हवं होतं.” ती आठवण होती की कबुली, मला सांगता येणार नाही.

शिवाय तो अठराव्या वर्षीचा ताप. मोनोन्यूक्लिओसिस हे एपस्टाइन-बार विषाणूचे काम. २०२२ मध्ये त्याच अमेरिकी सैनिकी साठ्यातून, एक कोटीहून अधिक लोकांच्या पाठपुराव्यातून निघालेला निष्कर्ष असा की या विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो. तपासलेल्या ८०१ रुग्णांत फक्त एक जण शेवटच्या नमुन्यापर्यंत या विषाणूपासून मुक्त होता. इतर कोणत्याही घटकाजवळ असा आकडा नाही. पण हा विषाणू जगातल्या बहुतेक सगळ्या प्रौढांत असतो. धाकटीच्या रक्तातही त्याच्या अँटीबॉडी निघाल्याच. तिला तो बहुधा लहानपणी, साध्या सर्दीतापासारखा होऊन गेला. थोरलीला उशिरा आणि जोरात झाला, आणि मोनोन्यूक्लिओसिस होऊन गेलेल्यांत एमएसचा धोका अधिक असतो. म्हणजे विषाणू हे दार, ते उघडल्याशिवाय आत जाणे जवळपास नाही. दार उघडल्यावर कोण आत ओढले जाते, यात जनुके, ऊन, वजन आणि धूर हात घालतात.

एक गोष्ट राहिली. ऊन म्हणजे फक्त डी नव्हे. कातडीवर २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या अतिनील बी किरणांनी डी तयार होते हे खरे, आणि ते किरण खिडकीच्या काचेतून येत नाहीत हेही खरे. पण हेच किरण कातडीतल्या प्रतिकार पेशींना डीच्या मध्यस्थीशिवायही शांत करतात. एमएससारखा आजार मुद्दाम दिलेल्या उंदरांवर अतिनील प्रकाश टाकला तर तो आटोक्यात राहिला आणि त्या उपकाराचे स्पष्टीकरण डीच्या वाढीने होईना, असे २०१० मध्ये दिसले. ऑस्ट्रेलियातल्या २०११ च्या अभ्यासातही ऊन आणि डी यांचा धोक्याशी संबंध स्वतंत्र निघाला. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात तर कृष्णवर्णीय आणि गोऱ्या अशा दोन्ही गटांत जन्मभराच्या उन्हाचा फायदा दिसला, रक्तातल्या डीचा मात्र फक्त गोऱ्यांत. रक्तातले डी हा काही अंशी ‘हा माणूस उन्हात जातो’ याचा नुसता पुरावा असू शकतो. तसे असेल तर गोळीने आकडा चढेल आणि ऊन मात्र चुकलेलेच राहील.

मग करायचे काय

थोरलीने तोवर वाचून काढले होते की रोज ४०,००० युनिट डी घेतले तर एमएस थांबतो. तिला मूळ उपचार सहा महिने पुढे ढकलून ते करून पाहायचे होते. या प्रकरणातला खरा धोका हा होता, १४ हा आकडा नव्हे.

उन्हाने डीची विषबाधा होत नाही, कारण कातडीत जास्तीचे झाले की तेच किरण त्याला निष्क्रिय रूपांत मोडतात. गोळीला असा बांध नाही. प्रौढांसाठी रोज ४,००० युनिटची कमाल मर्यादा आहे. तिच्या फार पुढे दीर्घकाळ गेले की रक्तातले कॅल्शियम वाढते, मळमळ, तहान, अशक्तपणा, गोंधळलेपण येते, मूत्रपिंडे बिघडतात. अशक्तपणा आणि गोंधळ तर एमएसचाच भाग समजून दुर्लक्षिले जाऊ शकतात.

आजार सुरू झाल्यावर डीचा उपयोग होतो का, यावर चाचण्या झाल्या आहेत. ग्लॅटिरामेर या एमएसच्या औषधावर असलेल्या रुग्णांना रोज ५,००० किंवा ६०० युनिट देऊन पाहिले, तर आजार उलटण्यात फरक पडला नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पहिल्याच झटक्यानंतर १०,००० युनिटपर्यंत तीन वेगवेगळे डोस दिले. तिथेही नकार. मग २०२५ मध्ये फ्रान्समधून वेगळा सूर आला. नुकतीच सुरुवात झालेल्या आणि दुसरा कोणताही उपचार न घेणाऱ्या रुग्णांना दर पंधरवड्याला १,००,००० युनिट दोन वर्षे दिले, तेव्हा आजाराची हालचाल ६०.३ टक्क्यांत दिसली, डी नसलेले नुसते दिखाऊ औषध (प्लासिबो) घेणाऱ्यांत ७४.१ टक्क्यांत. फरक मुख्यतः एमआरआयमधला, झटक्यांमधला नाही. हा निकाल मी थोरलीपासून लपवला नाही. उलट तोच तिच्यासमोर ठेवला: डी घेऊनही दहातल्या सहा जणांत आजार हलला. तिला बी-पेशींवर काम करणारे ऑक्रेलिझुमॅब सुचवले होते. एपस्टाइन-बार विषाणू लपतो तोही बी-पेशींतच, हे ऐकल्यावर तिचा चेहरा प्रथमच थोडा सैल झाला. कारण आणि औषध यांना एकाच धाग्यात पाहायची तिची गरज होती. ती मी पुरी केली, थोडी सोपी करून. पहिला डोस त्याच महिन्यात झाला.

डीची कमतरता दोघींचीही भरून काढली, पुढे रोज २,००० युनिट. कारण मी कागदावर स्पष्ट लिहिले: हाडांसाठी. चार महिन्यांनी थोरलीचे ३६ आणि धाकटीचे ३४ झाले.

धाकटीला एमआरआय हवा होता. निरोगी जुळ्यांच्या मेंदूत लक्षणांविना डाग सापडतात, असे काही जोड्यांत आढळले आहे. सापडले तर नजर ठेवायची, पण उपचार द्यायचे का यावर एकमत नाही, आणि स्वच्छ निघाला तर तो फक्त त्या दिवसापुरता. एचएलए तपासणीने तर नवे काहीच कळणार नव्हते. जनुके थोरलीचीच, आणि १५:०१ असलेल्या बहुसंख्य लोकांना एमएस होत नाही. तिने आठवडाभर विचार करून एमआरआय केला नाही. दहाव्या महिन्यात उजव्या हाताला मुंग्या आल्या तेव्हा मात्र लगेच केला. मेंदू स्वच्छ. मुंग्या मनगटात दबलेल्या नसेच्या होत्या.

त्या भेटीत तिने आणखी एक प्रश्न आणला. तिला आठ वर्षांची मुलगी आहे. “ताईची भाची म्हणून तिला धोका किती?”

हा हिशेब चकवणारा आहे. आई आणि मावशी समरूप जुळ्या असतील तर जनुकांच्या वहीत मावशी ही आईच. मुलीचा निम्मा जनुकसंच थोरलीशी जुळतो, सख्ख्या लेकीइतकाच. म्हणून भाचीचा आकडा इथे लागू होत नाही, रुग्णाच्या मुलाचा लागतो: शंभरात दोनच्या आसपास. अठ्ठ्याण्णवांना होत नाही. बाहेर खेळणे, वजन, घरात धूर नसणे या हातातल्या गोष्टी, आणि त्या तशाही तिच्या भल्याच्या. ऊन किती मिनिटे, असे तिने विचारले. एकच आकडा देता येत नाही. कातडीचा रंग, ऋतू, दिवसाची वेळ, सगळ्यांनी तो बदलतो. कातडी लाल होण्याच्या बरेच आधी सावलीत यायचे, एवढे सांगितले.

“तिचं डी मोजू?”

हाडांची तक्रार नव्हती, वाढ व्यवस्थित होती, म्हणून नको म्हणालो.

“आणि ते एचएलए?”

मी काही बोलायच्या आत थोरलीच म्हणाली, “ते नको. ती अठराची झाली की तिलाच विचारू, जाणून घ्यायचंय का.”